बॅकअप इमेज माउंट झाली, पण आतला फोल्डर 'परवानगी नाही' म्हणतो तेव्हा

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तेव्हापासून माझ्या सांगलीच्या दुकानात एका जातीचं गिऱ्हाईक वाढलंय. जुनं मशिन भंगारात गेलेलं किंवा पुतण्याला दिलेलं, नवा लॅपटॉप घेतलेला, आणि हातात एक पोर्टेबल हार्डडिस्क. "ताई, यात सगळा बॅकअप आहे, पण उघडतच नाही." खरं तर तो उघडतो. इमेज (अख्ख्या ड्राइव्हची फाइलीत घेतलेली प्रत) माउंट होते, म्हणजे ड्राइव्हसारखी जोडली जाते, नवा ड्राइव्ह दिसतो, 'विंडोज' दिसतं, 'प्रोग्राम फाइल्स' दिसतं. 'यूजर्स'मध्ये जाऊन आपल्या नावाच्या फोल्डरवर डबल-क्लिक केलं की मात्र खिडकी येते: या फोल्डरमध्ये जायची सध्या तुम्हाला परवानगी नाही, कायमची परवानगी हवी असेल तर 'कंटिन्यू' दाबा.

ते बटण दाबू नका. त्याऐवजी काय करायचं ते सांगते.

आधी एक अट. हे सगळं स्वतःच्या डेटासाठी, किंवा ज्याचा डेटा आहे तो माणूस समोर बसून 'काढा' म्हणतोय तेव्हाच. घरातल्या एका कॉम्प्युटरवर चार जणांची खाती असतात. नवरा डिस्क घेऊन येतो आणि बायकोच्या नावाचा फोल्डर पण काढा म्हणतो, तेव्हा मी बायकोला फोन लावायला सांगते. ऑफिसचं मशिन असेल तर मालकाची चिठ्ठी. याला माझ्याकडे सूट नाही.

अडवतं कोण?

विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही. खातं तयार होतं तेव्हा त्याला एक लांबलचक क्रमांक मिळतो, त्याला एसआयडी म्हणतात. सुरुवात एस-1-5-21 अशी, मध्ये त्या मशिनचे तीन मोठे आकडे आणि शेवटी 1001 किंवा 1002 सारखा खात्याचा आकडा. एनटीएफएस (विंडोजची फाइली साठवायची पद्धत) असलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइल-फोल्डरला कोणाला काय करता येईल याची यादी चिकटलेली असते आणि त्या यादीत हे क्रमांक असतात. इमेजमध्ये ही यादी जशीच्या तशी येते. नव्या लॅपटॉपवर तुम्ही 'संजय' नावाने खातं काढलंत, पासवर्डही जुनाच ठेवलात, तरी क्रमांक वेगळा. सोसायटीच्या वॉचमनने जुन्या बिल्डिंगचं रजिस्टर घेऊन नव्या बिल्डिंगच्या गेटवर बसावं तसा हा प्रकार आहे. त्याच मशिनला फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकलं तरी क्रमांक बदलतो, हे पुष्कळांना पटत नाही.

ही यादी बघता येते. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, राइट-क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. इथून पुढे कमांड मी देवनागरीत लिहितेय, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. इमेज 'एफ' ड्राइव्हवर माउंट आहे असं धरा:

आयकॅकल्स "एफ:\यूजर्स\संजय"

आयकॅकल्सचं स्पेलिंग आय, सी, ए, सी, एल, एस. एवढंच टाइप केलं तर काहीही बदलत नाही, फक्त यादी दिसते. साधारण तीन ओळी येतात: सिस्टीम, ॲडमिनिस्ट्रेटर्स, आणि तिसऱ्या ओळीत नावाऐवजी तो उघडा-बोडका एस-1-5-21 वाला क्रमांक, कारण या मशिनला त्याचं नावच माहीत नाही.

आता मधली ओळ नीट बघा. ॲडमिनिस्ट्रेटर्स या गटाचा क्रमांक एस-1-5-32-544, आणि तो जगातल्या प्रत्येक विंडोजवर तोच असतो. म्हणजे नव्या लॅपटॉपचे तुम्ही ॲडमिन असाल तर जुन्या यादीत तुमची सोय आधीच आहे. मग एक्सप्लोरर का अडवतो? व्हिस्टापासून विंडोज ॲडमिनलाही रोजच्या कामात साध्या माणसाचे अधिकार देतं. पूर्ण अधिकार फक्त 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवलेल्या प्रोग्रामला मिळतात. एक्सप्लोरर साध्या अधिकारांवर चालतो, म्हणून दारात उभा राहतो. आणि 'कंटिन्यू' दाबलं की तो तुमचा नवा क्रमांक आतल्या हजारो फाइलींच्या याद्यांमध्ये एकेक करून लिहायला घेतो. ती हिरवी पट्टी सरकत राहते ना, ती त्याचीच. इमेज फक्त-वाचनीय माउंट असेल तर लिहिता येत नाही आणि पुन्हा नकाराची खिडकी येते. लिहिता येणारी असेल तर त्याहून वाईट: तुमच्या एकुलत्या एक बॅकअपमध्येच बदल होतात, आणि उद्या त्या इमेजवरून पूर्ण सिस्टीम उभी करायची झाली तर ती पूर्वीसारखी येईल याची खात्री उरत नाही.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात इथली कितीतरी मशिनं कृष्णेच्या पाण्यात गेली. ज्यांनी वरच्या मजल्यावर किंवा पाहुण्यांकडे एक डिस्क ठेवली होती त्यांच्याकडे जगातली एकमेव प्रत ती इमेज होती. तेव्हापासून इमेजमध्ये एक अक्षरही लिहायचं नाही हा माझ्या टेबलावरचा नियम आहे. वाचायचं आणि बाहेर काढायचं, बस.

माउंट करतानाच काळजी घ्या

विंडोजच्या स्वतःच्या 'सिस्टीम इमेज'ने घेतलेला बॅकअप डिस्कवर 'विंडोजइमेजबॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये असतो. त्यात मशिनच्या नावाचा फोल्डर, त्यात तारखेचा फोल्डर, त्यात दोन-तीन व्हीएचडीएक्स फाइली (विंडोज 7 च्या काळातल्या असतील तर व्हीएचडी) आणि पुष्कळ एक्सएमएल. छोट्या व्हीएचडीएक्स बूटच्या आणि रिकव्हरीच्या असतात. सगळ्यात मोठी ती तुमची सी ड्राइव्ह. गंमत म्हणजे 'विंडोजइमेजबॅकअप' फोल्डरसुद्धा परवानगी मागतो. तिथे मात्र 'कंटिन्यू' चालतं, कारण तो बदल पोर्टेबल डिस्कवरच्या फोल्डरला होतो, इमेजच्या पोटात नाही.

व्हीएचडीएक्स फाइलवर डबल-क्लिक केलं की विंडोज ती लगेच माउंट करतं, पण लिहिता येईल अशी. आयएसओची (सीडी-डीव्हीडीच्या इमेजची) गोष्ट वेगळी, ती फक्त-वाचनीयच उघडते. त्या सवयीने लोक इथे फसतात. त्यापेक्षा स्टार्टवर राइट-क्लिक, 'डिस्क मॅनेजमेंट', वरच्या 'ॲक्शन' मेनूत 'अटॅच व्हीएचडी', फाइल निवडायची आणि खालच्या 'रीड-ओन्ली'च्या चौकटीत टिक करायची. ड्राइव्हचं अक्षर मिळालं नाही तर त्या विभागावर राइट-क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स'मधून द्यायचं. फाइल कॉम्प्रेस केलेली किंवा एन्क्रिप्ट केलेली असेल, तर ती जोडलीच जात नाही. तेव्हा फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली बघा, किंवा दुसऱ्या साध्या डिस्कवर कॉपी करून तिथून जोडा.

इमेज मॅक्रियम रिफ्लेक्ट या बॅकअप प्रोग्रामने घेतलेली असेल (फाइलच्या नावाशेवटी एमआरआयएमजी) तर तुमचं काम जवळजवळ झालंच. माउंट करताना जी खिडकी येते तिच्यात 'इनेबल ॲक्सेस टू रिस्ट्रिक्टेड फोल्डर्स' अशी चौकट असते. तिच्यात टिक करून माउंट केलं की एक्सप्लोररमधूनच सगळे फोल्डर उघडतात. शेजारी 'मेक रायटेबल' असतं, ते साध्या कॉपीसाठी लागत नाही. मॅक्रियमची फुकट आवृत्ती कंपनीने 1 जानेवारी 2024 पासून बंद केली, पण त्या इमेज लोकांच्या कपाटात अजून ढिगाने आहेत. आधीच माउंट करून बसला असाल तर अनमाउंट करा आणि टिक करून पुन्हा माउंट करा. चालू माउंटवर तो पर्याय नंतर लावता येत नाही.

सोपा रस्ता: ॲडमिन म्हणून चालणारा फाइल मॅनेजर

दहा-वीस फाइलीच हव्या असतील तर कमांडच्या वाटेला जायची गरज नाही. झिप फाइली उघडणारं सेव्हन-झिप टाकलेलं असतंच बहुतेकांकडे. 'सेव्हन-झिप फाइल मॅनेजर' शोधा, राइट-क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. आता त्याच्यातून एफ ड्राइव्हच्या 'यूजर्स'मध्ये जा. कुठलीही खिडकी न येता फोल्डर उघडतो, कारण वरची ती मधली ओळ आता तुमच्या कामी येते. फाइली निवडा, एफ5 दाबा, कुठे ठेवायच्या ते सांगा.

सेव्हन-झिपची दुसरी खुबी कमी लोकांना माहीत आहे. माउंट न करता थेट व्हीएचडीएक्स फाइलच त्याच्यात उघडता येते. आधी आतले विभाग दिसतात, त्यातल्या मोठ्या एनटीएफएसवर एंटर मारला की फोल्डर. सेव्हन-झिप परवानग्यांच्या याद्या वाचतच नाही, त्यामुळे अडवाअडवीचा प्रश्नच येत नाही, आणि इमेजला धक्काही लागत नाही. आवृत्ती नवी हवी, जुन्यांना व्हीएचडीएक्स कळत नाही. मोठ्या इमेजवर हे जरा रखडतं. दोन-चार फाइलींसाठी फर्स्टक्लास, दोनशे जीबीसाठी नको.

खरं औजार: रोबोकॉपी

सगळी प्रोफाइल, म्हणजे खात्याचा 'यूजर्स'मधला पूर्ण फोल्डर, काढायची असेल तर मी रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरते. व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये ते आहेच, वेगळं काही टाकावं लागत नाही. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

रोबोकॉपी "एफ:\यूजर्स\संजय" "डी:\काढलेलं\संजय" /ई /बी /एक्सजे /आर:1 /डब्ल्यू:1 /यूनिलॉग:डी:\लॉग.टीएक्सटी /टी

एकेक तुकडा सांगते, कारण आंधळेपणाने कॉपी केलेली कमांड कधी ना कधी हात भाजते.

/ई म्हणजे आतले सगळे उपफोल्डर, रिकामे धरून. /बी हा इथला मुख्य मोहरा. विंडोजमध्ये बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामसाठी एक खास अधिकार आहे: तो यादी न विचारता वाचू शकतो, नाहीतर कुठल्याच बॅकअप प्रोग्रामला सगळ्यांच्या फाइली घेता आल्या नसत्या. ॲडमिनकडे हा अधिकार असतो, /बी तो वापरतो. ज्या फोल्डरच्या यादीत ॲडमिनिस्ट्रेटर्सचं नावही ठेवलेलं नाही (एखाद्या धोरणी अकाउंटंटने 'टॅक्स' फोल्डरवरून सगळ्यांना काढून टाकलेलं असतं) तिथे सेव्हन-झिपचा माउंट केलेला रस्ता अडतो आणि /बी सरळ आत जातं. बॅकअप आणि रिस्टोअरचे अधिकार नाहीत अशी तक्रार आली तर समजा की प्रॉम्प्ट साधाच उघडलाय, ॲडमिन म्हणून नाही. लॉगमध्ये 'एरर 5' हा आकडा दिसला तर तो परवानगीचा नकार. /बी विसरलात का बघा.

/आर:1 /डब्ल्यू:1 न लिहिण्याची किंमत फार मोठी आहे. रोबोकॉपीचं मूळचं वागणं असं की फाइल वाचता आली नाही तर दहा लाख वेळा प्रयत्न करायचे, दर दोन प्रयत्नांमध्ये 30 सेकंद थांबून. खराब सेक्टरवर अडकलेलं मशिन रात्रभर तिथेच बसतं आणि सकाळी गिऱ्हाईक दारात.

/यूनिलॉग कशाला, साधं /लॉग का नाही? आपल्या लोकांच्या फाइलींची नावं मराठीत असतात म्हणून. 'आईचे फोटो', 'सातबारा 2018', 'लग्नपत्रिका अंतिम अंतिम'. साध्या लॉगमध्ये ती प्रश्नचिन्हांची माळ होते आणि कोणती फाइल राहिली तेच कळत नाही. युनिकोड लॉगमध्ये नावं शाबूत राहतात. शेवटचं /टी (इंग्रजीत टी, ई, ई) लॉगसोबत पडद्यावरही दाखवतं, म्हणजे काम चालू आहे हे दिसतं.

परवानग्या बरोबर येतात का? नाही, आणि तेच आपल्याला हवंय. रोबोकॉपी काही न सांगता फक्त डेटा, गुणधर्म आणि तारखा नेतं. नव्या जागी फाइलींना तिथल्या फोल्डरच्या परवानग्या मिळतात, म्हणजे तुमच्या. म्हणून /कॉपीऑल अजिबात जोडू नका, तो जुनी यादीसुद्धा घेऊन येतो आणि तुम्ही पुन्हा त्याच दारात उभे.

दोन बारीक गोष्टी. मार्गाच्या शेवटी उलटा स्लॅश आणि लगेच अवतरणचिन्ह असं लिहू नका. विंडोजला ते चिन्ह मजकुराचाच भाग वाटतं आणि पुढची सगळी कमांड विस्कटते. आणि पूर्ण ड्राइव्हच्या मुळापासून कॉपी केली तर नवा फोल्डर अदृश्य होऊ शकतो, कारण ड्राइव्हच्या मुळाचे 'लपलेला' आणि 'सिस्टीम' हे गुणधर्म त्याला चिकटतात. त्यावर उतारा म्हणून शेवटी /ए-:एसएच जोडायचं. "ताई, कॉपी गायब झाली" असे फोन यातूनच येतात.

शेवटी जी आकडेवारी येते तिच्यात 'फेल्ड'खाली शून्य हवं. बॅच फाइलमधून चालवत असाल तर परतीचा आकडा 8 पेक्षा कमी म्हणजे ठीक. 1 किंवा 3 बघून घाबरू नका.

फसवे फोल्डर

राहिलं /एक्सजे. एफ ड्राइव्हवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' नावाचा फोल्डर लपलेला असतो, प्रत्येक प्रोफाइलमध्ये 'ॲप्लिकेशन डेटा', 'माय डॉक्युमेंट्स' असे असतात. त्यांच्यावर छोटा बाण असतो आणि काही केल्या ते उघडत नाहीत. लोकांना वाटतं सगळं घबाड यातच आहे. हे फोल्डरच नाहीत. एक्सपीच्या काळातल्या प्रोग्रामांना जुने पत्ते सापडावेत म्हणून व्हिस्टापासून ठेवलेल्या पाट्या आहेत, त्यांना जंक्शन म्हणतात, आणि आत डोकावायला त्यांच्यावर सगळ्यांनाच बंदी असते.

यात खरी गोम पुढे आहे. या पाटीवर पूर्ण पत्ता लिहिलेला असतो: सी:\यूजर्स. इमेज एफ वर माउंट असली तरी पाटी 'सी'कडेच बोट दाखवते, म्हणजे तुमच्या चालू मशिनच्या सी ड्राइव्हकडे! एखाद्याने जिद्दीने तिची परवानगी बदलली आणि आत गेला, तर त्याला दिसतात त्याच्याच नव्या लॅपटॉपवरच्या फाइली, आणि तो म्हणतो बॅकअपमध्ये जुनं काहीच नाही. /एक्सजे अशा पाट्या ओलांडून पुढे जातं. खरा माल 'डॉक्युमेंट्स'मध्ये आणि 'ॲपडेटा'मध्ये असतो.

बाय द वे, 'यूजर्स'मध्ये आपलं नाव सापडत नाही म्हणून परत जाऊ नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करणाऱ्याच्या फोल्डरला बहुधा ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात. संजयचा 'संजा', ज्ञानेश्वरचं तर ओळखूही येत नाही.

'ॲपडेटा' लपलेला असतो, पण तो सोडून कधीही कॉपी करू नका. स्टिकी नोट्स त्यातच असतात: 'लोकल', 'पॅकेजेस', मग नावात 'मायक्रोसॉफ्टस्टिकीनोट्स' असलेला फोल्डर, 'लोकलस्टेट', आणि त्यात 'प्लम' नावाची एसक्यूलाइट फाइल. या पिवळ्या चिठ्ठ्यांसाठी मी मोठमोठी माणसं हळवी झालेली बघितली आहेत. थंडरबर्डची सगळी मेल 'रोमिंग'मध्ये. डीटीपीवाल्यांनी 'लोकल', 'मायक्रोसॉफ्ट', 'विंडोज', 'फॉन्ट्स' हा फोल्डरही बघावा. विंडोज 10 च्या 2018 च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून फॉन्ट एकट्या यूजरसाठीही टाकता येतात आणि ते इथे पडतात. पत्रिकेची फाइल मिळाली आणि श्रीलिपीचा तो एक फॉन्ट राहिला, तर समोर कागदभर चिन्हं.

परवानगी बदलावीच लागली तर

कधी कधी कॉपी करून भागत नाही. एखादं जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर डेटा जागेवरच उघडायला मागतं आणि लिहायलाही मागतं. तेव्हाही मूळ इमेजला हात न लावता काम होतं. तिच्यावर एक पोर-डिस्क बसवायची: वाचन मूळ इमेजमधून, लिखाण सगळं पोरीमध्ये. ॲडमिन प्रॉम्प्टमध्ये 'डिस्कपार्ट' चालू करून:

क्रिएट व्हीडिस्क फाइल="डी:\काम\पोर.व्हीएचडीएक्स" पेरेंट="ई:\...\मूळ.व्हीएचडीएक्स"
अटॅच व्हीडिस्क

मूळ फाइल व्हीएचडी असेल तर पोरही व्हीएचडीच हवी. मूळ आधीच माउंट असेल तर आधी डिटॅच करा. पोर जिवंत आहे तोवर मूळ फाइलीत काहीही बदलायचं नाही, नाहीतर दोघींचं नातं तुटतं आणि पोर निकामी होते.

पोर माउंट झाली की (ती 'जी' ड्राइव्हवर आहे असं धरा) मालकी आणि परवानगी:

टेकओन /एफ "जी:\यूजर्स\संजय" /आर /ए /डी वाय
आयकॅकल्स "जी:\यूजर्स\संजय" /ग्रँट *एस-1-5-32-544:एफ /टी /सी

/ए म्हणजे मालकी ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला. दुसऱ्या ओळीत नावाऐवजी क्रमांक दिलाय, त्याच्या आधीची चांदणी विसरायची नाही. इथलं /टी मात्र एकाच इंग्रजी अक्षराचं, रोबोकॉपीसारखं तीन अक्षरांचं नाही. एंटर मारण्यापूर्वी ड्राइव्हचं अक्षर बोटाने दाखवून मोठ्याने वाचा. ही कमांड 'सी'च्या मुळावर चालली तर चालू विंडोजच्या हजारो फाइलींची मालकी बदलते, अपडेट बिघडतात, ॲप बंद पडतात, आणि मागे जायची साधी वाट नसते. 'राइट-क्लिक मेनूत टेक ओनरशिप टाका' असल्या रजिस्ट्री फाइली वाटणाऱ्यांवर माझा राग आहे तो याचमुळे.

लिनक्सची सवय असलेल्यांना हे सगळं पाल्हाळ वाटेल. उबुंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर एनटीएफएस-3जी ड्रायव्हर विंडोजच्या परवानग्या मूळचाच जुमानत नाही. रीड-ओन्ली माउंट केलं की सगळं उघडं. फक्त व्हीएचडीएक्स जोडायला आधी क्यूईएमयूची एनबीडीवाली हत्यारं टाकावी लागतात.

जे परवानगीने सुटत नाही

काही फाइली वरच्या कशानेच उघडणार नाहीत आणि तिथे रात्र घालवण्यात अर्थ नसतो.

वनड्राइव्ह यातला सगळ्यात मोठा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये गेलेले असतात, जागा वाचवायला बऱ्याच फाइली फक्त ऑनलाइन ठेवलेल्या. इमेजमध्ये त्यांचं नाव असतं, आकार दिसतो, आत मात्र मजकूर नसतो. रोबोकॉपीच्या लॉगमध्ये 'एरर 362' दिसला, क्लाउड फाइल प्रोव्हायडर चालू नाही असं म्हणत, की परवानगीचा विचार सोडा आणि सरळ वनड्राइव्हच्या वेबसाइटवर त्या खात्याने लॉगिन करा. 5 आणि 362 यांतला फरक ओळखता आला की निम्मा वेळ वाचतो.

ईएफएसने (विंडोजच्या फाइल-कुलपाने) एन्क्रिप्ट केलेल्या फाइली, ज्यांच्यावर छोटं कुलूप दिसतं, त्यांना जुन्या खात्याचं सर्टिफिकेट आणि त्याची खासगी किल्ली लागते. मालकी घेऊन काही होत नाही. पूर्वी कधी पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि किल्लीची प्रत) काढून ठेवली होती का विचारा. बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हचं कुलूप, वेगळा: चालू विंडोजमधून घेतलेल्या इमेजमध्ये डेटा सहसा उघडाच असतो, पण बंद डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर प्रत असेल तर 48 आकडी रिकव्हरी की हवी. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड मागणारे पुष्कळ. प्रोफाइलचा फोल्डर कॉपी होतो, बुकमार्क मिळतात, पासवर्ड नाही. ते जुन्या विंडोज खात्याशी बांधून कुलूपबंद केलेले असतात. गूगल खात्यात सिंक असेल तरच आशा.

डिटॅच करताना

काम झाल्यावर काढलेल्या फोल्डरातल्या वेगवेगळ्या जातीच्या फाइली उघडून बघा: एक फोटो, एक एक्सेल, एक पीडीएफ, आउटलुकची पीएसटी. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या डिस्कच्या डावीकडच्या करड्या चौकटीवर राइट-क्लिक करून 'डिटॅच व्हीएचडी'. डिस्क वापरात आहे म्हणत अडली तर दोष बहुधा आपलाच कमांड प्रॉम्प्ट असतो, एफ ड्राइव्हमध्ये उभा राहिलेला. तिथे सी: टाइप करून एंटर मारा, सेव्हन-झिप आणि एक्सप्लोररच्या खिडक्या मिटा आणि पुन्हा डिटॅच करा. पोर-डिस्क केली असेल तर ती डिटॅच झाल्यावर तिची फाइल उडवून टाका. त्यानंतरच पोर्टेबल डिस्कची वायर काढायची.